जोड निवडताना
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोनवर सांगितलं की प्रत्येकानं आपापल्या कामाविषयी थोडं बोलायचं. डॉक्टर झाला त्यानं तब्येतीवर, वकील झाला त्यानं सातबाऱ्यावर. मग मला विचारलं, "तू नेमकं काय करतोस रे?" मी म्हणालो, "कारखान्यांच्या पाईपलाइनी आखतो." पलीकडून उत्तर आलं, "म्हणजे प्लंबर!" हसू नका, ते फार चुकलेलं नाही. प्लंबरचं पाणी थंड असतं आणि माझ्या पाईपात कधी वाफ असते, कधी तापलेलं तेल, कधी ॲसिड, एवढाच फरक.

आज त्यातल्या एकाच वस्तूवर बोलणार आहे. फ्लँज. विषय रुक्ष वाटेल, पण या मांडवात बसलेल्या निम्म्या लोकांनी ती हातात घेतलेली आहे. लोखंडी जाड चकती, मधे पाईपाएवढं भोक, कडेनं बोल्टची भोकं. दोन चकत्या समोरासमोर आणायच्या, मधे रबराचं पॅकिंग घालायचं, नटबोल्ट आवळायचे, जोड तयार. ज्यांच्या मोटरी धरणाच्या पाण्यावर आहेत त्यांना मी वेगळं काय सांगणार?

आपल्या धरणाचं गणित सगळ्यांना तोंडपाठ आहे. भीमेवरचं उजनी १९८० साली पुरं झालं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा. म्हणून पेपरात "उजनी शून्य टक्के" असं आलं तरी पाणी असतं, पण ते आपल्यापासून लांब गेलेलं असतं. २०१३ ला गेलं, २०१६ ला गेलं, २०२४ ला गेलं. पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर उघडं पडलं की पुण्याहून लोक फोटो काढायला येतात, आणि आपण मोटर उचलून पाण्यामागे धावत असतो. पाणी शंभर फूट सरकलं की मोटर शंभर फूट पुढे, पाईप शंभर फूट जास्त, आणि प्रत्येक वेळी जोड सोडायचा आणि पुन्हा बसवायचा.

मोटर पुढे का न्यावी लागते हे आपल्याला याच शाळेत शिकवलं होतं. सर समोर बसले आहेत. सर, तुम्ही ग्लास काठोकाठ पाण्यानं भरून वर पुठ्ठा ठेवून उलटा धरला होता आणि आम्ही पहिल्या बाकावरचे मागे सरकलो होतो. पाणी पडलं नाही. तुम्ही सांगितलंत की खालून हवा ढकलते आहे. पंपाचंही तेच. पंप पाणी ओढत नाही, तो आत जागा रिकामी करतो आणि बाहेरची हवा तळ्यातलं पाणी वर ढकलते. ती हवा पाणी फार तर दहा मीटर चढवू शकते, प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या पुढे भरवसा नाही. म्हणून पाणी खाली गेलं की मोटर खाली न्यायची.

त्यातूनच दुसरी गोष्ट निघते. डिलिव्हरीच्या बाजूचा जोड गळला तर पाणी दिसतं. सक्शनच्या बाजूचा जोड खराब झाला तर एक थेंबही बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. मोटर फिरते, आवाज बदलतो आणि पाणी सुटतं. आपली जुनी माणसं जोडाजवळ उदबत्ती धरायची, धूर आत ओढला गेला की जोड सापडला. माझ्या ऑफिसात याच कामाला महागडी यंत्रं आहेत, पण तत्त्व उदबत्तीचंच.

आता माझी फजिती सांगतो. ज्याच्यासमोर झाली तो मागच्या रांगेत बसला आहे. नाव घ्यायचं नाही असं त्यानं बजावलं आहे.

२०१३ चा मे महिना. मी आठ दिवसांच्या रजेवर गावी आलो होतो. पाणी पार लांब गेलेलं, वडिलांची दीड एकर केळी उभी आणि मोटर हवा धरत होती. सक्शनची जुनी फ्लँज गंजून खड्डे पडलेली. मी म्हणालो, "आबा, काळजी करू नका, माझं रोजचं काम आहे हे." ओळखीच्या दुकानातून चांगली घडीव, म्हणजे फोर्ज्ड फ्लँज मागवली. भारीतली. कारखान्यात आम्ही वापरतो तसली.

हा माझा मित्र तेव्हा पाईपाला वेल्डिंग करून द्यायला आला होता. त्यानं फ्लँज हातात घेतली, अंगठा फिरवला आणि म्हणाला, "आरं, हिच्या तोंडाला उंचवटा हाय. समोरची पंपाची बिडाची हाय, सपाट. मधी नुसती रबराची रिंग घालू नको. घासून सपाट करून आण, आन् पुरं रबर टाक, बोल्टाच्या भोकासकट."

मी ऐकलं नाही. शिवाय बोल्टची भोकं पंपाच्या भोकांशी जुळत नव्हती, कारण दोन्ही वेगवेगळ्या मापाच्या पद्धतीच्या. ती मी ड्रिलनं लांबट करून घेतली. मग रिंग घातली आणि बोल्ट आवळायला घेतले. थोडी हवा जातेय असं वाटलं म्हणून लांब पाना लावून अजून आवळलं. टक् असा आवाज आला. पंपाच्या घराची फ्लँज एका भोकापासून आतपर्यंत तडकली होती.

कारण साधं आहे आणि मला ते पाठ होतं. घडीव फ्लँजच्या तोंडाला मधल्या भागात साधारण दोन मिलिमीटरचा उंचवटा असतो. दाब पॅकिंगवर एकवटावा म्हणून तो मुद्दाम दिलेला असतो. पण बोल्ट त्या उंचवट्याच्या बाहेर असतात. आवळत गेलं की कडा एकमेकींकडे वाकायला बघतात. पोलाद थोडं वाकून घेतं. बीड वाकत नाही, तडकतं. म्हणून बिडाच्या सपाट तोंडासमोर सपाट तोंडच द्यायचं आणि पॅकिंग पूर्ण चकतीभर घालायचं, म्हणजे कडेलाही टेकू मिळतो. हे मी नव्या पोरांना शिकवत होतो आणि घरच्या पंपावर विसरलो.

पंपाचं घर मिळेपर्यंत पाच दिवस गेले. शेजाऱ्यांनी आपल्या पाळीतलं पाणी रात्रीचं दोन-दोन तास दिलं, तरी निम्मी केळी करपली. आबा एका शब्दानं बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. मित्रानंही "बघ, सांगितलं होतं" असं म्हटलं नाही. नवं घर आल्यावर त्यानं मुकाट्यानं माझ्या भारी फ्लँजचा उंचवटा काढला आणि भोकं भरून पुन्हा मापानं पाडली.

त्या उन्हाळ्यापासून फ्लँज निवडताना मी पुस्तकाच्या आधी पाच प्रश्न विचारतो. आज तेच तुमच्यापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न: हा जोड पुन्हा उघडायचा आहे का? नसेल तर फ्लँज लावूच नका, सरळ वेल्डिंग करा. प्रत्येक फ्लँज ही गळतीची एक शक्यता असते. उजनीचंच पाणी पाईपानं सोलापूरजवळच्या एनटीपीसीच्या वीजकेंद्राला जातं. तिथं ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत, सुपरक्रिटिकल प्रकारचे. म्हणजे वाफेचा दाब २२१ बारच्याही वर. अशा वाफेच्या मुख्य पाईपांचे जोड वेल्डिंगनंच करतात, फ्लँज अगदी नाइलाजाच्या जागी. आपल्या काठावर मात्र दर पंधरा दिवसांनी उघडायचं असतं, तिथं फ्लँज हवीच. पाणी एकच, पण जागा बदलली की जोडही बदलतो.

दुसरा प्रश्न: आत काय आहे, किती दाबाचं आणि किती गरम? फ्लँजवर १५०, ३०० असे आकडे ठोकलेले असतात. पुष्कळांना वाटतं की १५० म्हणजे तेवढाच दाब. तसं नाही, तो वर्ग आहे. एएसएमई बी १६.५ नावाच्या मानकात, जे अर्धा इंच ते २४ इंचांपर्यंतच्या फ्लँजना लागू आहे, प्रत्येक वर्गासाठी तापमानाप्रमाणे दाबाचा तक्ता दिला आहे. साध्या घडीव कार्बन पोलादाची १५० वर्गाची फ्लँज नेहमीच्या हवेत १९.६ बार सोसते. तीच २०० अंश सेल्सिअसला १३.८ बार आणि ३०० अंशांना १०.२ बार. ३०० वर्गाची फ्लँज थंडपणी ५१.१ बार सोसते आणि ३०० अंशांना ३९.८. म्हणजे गरम झालं की पोलाद तेच राहतं, ताकद उतरते. आपल्या मोटरीला पाणी चाळीस मीटर चढवायचं असेल तर दाब चार बारच्या आसपास. तिथं १५० वर्गही जास्तच होतो, म्हणून गावाकडे पत्र्याच्या जाड प्लेटमधून कापलेली चकतीही चालून जाते. साखर कारखान्याच्या वाफेवर तीच चकती लावणं म्हणजे जिवाशी खेळ.

तिसरा प्रश्न: पाईप तापणार-थंड होणार, हलणार, थरथरणार का? फ्लँजचे प्रकार खरे इथं वेगळे होतात.

सगळ्यात भक्कम ती वेल्ड नेक. तिला पाईपाकडे निमुळती होत गेलेली मान असते. पाईपाच्या तोंडाला तोंड लावून एकच वेल्डिंग, आणि त्याचा एक्स-रे काढून तपासता येतो. ताण मानेत हळूहळू पसरतो, एका जागी साचत नाही. महाग पडते, वेल्डर चांगला लागतो आणि आतला व्यास पाईपाशी जुळवून मागवावा लागतो.

दुसरी स्लिप-ऑन. ती पाईपावर बांगडीसारखी चढते आणि आतून-बाहेरून दोन वेल्डिंग होतात. स्वस्त, बसवायला सोपी, पाईप थोडा आखूड-लांब कापला गेला तरी सांभाळून घेते. थंड पाणी, कमी दाब, हवेच्या लाइनी, यांना उत्तम. पण पुन्हापुन्हा ताण आला तर तिचं आयुष्य वेल्ड नेकच्या साधारण एक तृतीयांश धरतात.

तिसरी सॉकेट वेल्ड, दोन इंचांपर्यंतच्या बारीक पाईपांसाठी. पाईप आतल्या खोबणीत बसतो. इथं नवशिके एक चूक हमखास करतात. पाईप तळाला टेकवून वेल्डिंग करतात. मग गरम झाल्यावर पाईपाला वाढायला जागा राहत नाही आणि वेल्डिंगला चीर जाते. टेकवून मग दीडेक मिलिमीटर मागे घ्यायचा आणि नंतरच वेल्डिंग करायचं.

चौथी आट्यांची, म्हणजे थ्रेडेड. ज्या ठिकाणी ठिणगी चालत नाही तिथं कामाची. पण थरथर आणि तापणं-निवणं तिला सोसत नाही.

पाचवी लॅप जॉइंट, म्हणजे पाईपाला कॉलर आणि तिच्यामागे सुटी फिरणारी चकती. ही तुम्ही सगळे वापरता. आपल्या काळ्या एचडीपीई पाईपाला प्लास्टिकचा स्टब असतो आणि मागे लोखंडी रिंग. ती रिंग फिरवली की भोकं आपोआप जुळतात, पाईप पिळावा लागत नाही. पुन्हापुन्हा उघडायच्या जागी याहून सोयीचं काही नाही. कारखान्यात स्टेनलेसच्या पाईपाला कॉलर स्टेनलेसची आणि मागची चकती साध्या पोलादाची देऊन खर्चही वाचवतात.

सहावी ब्लाइंड, म्हणजे बिनभोकाची. पाईपाचं तोंड बंद करायला. दिसायला सगळ्यात साधी, पण तिच्यावर सगळा दाब समोरून येतो. सहा इंचांच्या तोंडावर दहा बार दाब म्हणजे पावणेदोन टनांच्या आसपास रेटा. उसानं भरलेली बैलगाडी त्या बोल्टांना टांगली आहे असं समजा.

तिसऱ्या प्रश्नाचं एक उदाहरण देतो. एका कारखान्यात, नाव घेत नाही, गरम तेलाच्या लाइनीला १५० वर्गाच्या स्लिप-ऑन बसवल्या होत्या. तेल २८० अंशांचं, दाब जेमतेम पाच बार. तक्त्यात अगदी बसत होतं. पण यंत्र दर आठवड्याला बंद व्हायचं, पुन्हा तापायचं. दर खेपेला जोड थोडा सैल, दर खेपेला थोडं तेल बाहेर. वरून उष्णतारोधक लोकरीचं वेष्टण, त्यामुळे गळती दिसेना. तेल लोकरीत झिरपत राहिलं. अशा तेलानं भिजलेल्या लोकरीला ठिणगी लागत नाही, ती आतल्या आत धुमसून पेटते. रात्रपाळीच्या एका ऑपरेटरला वास आला म्हणून निभावलं. नंतर मी पाहणीला गेलो. आम्ही निम्म्याहून जास्त फ्लँज काढून तिथं वेल्डिंग केलं, उरलेल्या जागी ३०० वर्गाच्या वेल्ड नेक दिल्या, पॅकिंग पोलादी पट्टी गुंडाळलेलं दिलं, आणि फ्लँजवरचं वेष्टण काढून जोड उघडे ठेवले, गळला तर दिसावा म्हणून. तक्त्यात बसलं म्हणजे जागेवर बसलं असं नाही.

चौथा प्रश्न: समोर काय आहे? फ्लँज एकटी नसते. समोरचीचा धातू कोणता, तोंड सपाट की उंचवट्याचं, भोकं कोणत्या मापाची. चार इंचांच्या १५० वर्गालाही आठ बोल्ट आणि ३०० वर्गालाही आठच, पण बोल्टची जाडी वेगळी आणि वर्तुळही वेगळं. एक दुसरीला बसत नाही, आणि भोकं लांबवून बसवली तर काय होतं ते मी सांगितलंच. हा प्रश्न मी २०१३ ला विचारला असता तर आबांची केळी वाचली असती.

पाचवा प्रश्न: कोण बसवणार आणि कोण उघडणार? ६ जुलै १९८८. स्कॉटलंडजवळच्या समुद्रात पायपर अल्फा नावाचा तेलाचा फलाट होता. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता आणि त्या जागी ब्लाइंड फ्लँज लावली होती. पुढच्या पाळीला व्हॉल्व्ह काढल्याचं कळलं नाही. दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी हा सुरू केला. ती ब्लाइंड फ्लँज गळती रोखेल अशी आवळलेली नव्हती, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. वायू सुटला, स्फोट झाला, १६७ माणसं गेली. तिथं चुकलं ते बसवणं, आणि एका पाळीनं दुसरीला सांगणं. म्हणून मी ड्रॉइंगवर सही करताना त्या जोडापाशी रात्री दोन वाजता पाना घेऊन उभा राहणारा माणूस डोळ्यांसमोर आणतो. त्याचा हात तिथं पोचेल का? पाना फिरेल का? जोड उघडायच्या आधी आतला दाब गेला हे त्याला कसं कळेल?

आवळण्याचंही एक सांगतो, उद्या सकाळी मोटरीवर उपयोगी पडेल. बोल्ट एका शेजारी एक असे गोल आवळत जाऊ नका. एक आवळला की त्याच्या बरोबर समोरचा, मग काटकोनातला, मग त्याच्या समोरचा. आणि पहिल्याच फेरीत जीव खाऊन आवळायचं नाही. तिसरा हिस्सा जोर, मग दोन तृतीयांश, मग पुरा, आणि शेवटी एक फेरी गोल. गळतंय म्हणून एकाच बोल्टवर लांब पाना लावला की पॅकिंग तरी चिरडतं, नाही तर चकती वाकते. गळती बहुतेक वेळा कमी आवळल्यानं होत नाही, वाकडं आवळल्यानं होते.

मित्रांनो, माझी पाटी बघून पुष्कळ पालक विचारतात की मुलाला या लाइनीत घालू का. जरूर घाला. उजनीवरून सोलापूर शहराला शंभराहून जास्त किलोमीटर पाईप गेला आहे, दहिगावची उपसा योजना तालुक्याच्या पूर्व भागाला पाणी चढवते, आजूबाजूला साखर कारखाने आहेत. पाईप जोडणाऱ्या माणसाला इथं काम कमी पडणार नाही. फक्त त्याला सांगा की आधी मागच्या रांगेतल्या आपल्या मित्रासारख्या माणसाकडे सहा महिने हाताखाली काढ. फ्लँजवर अंगठा फिरवून तोंड ओळखायला माझ्या पदवीत कुणी शिकवलं नव्हतं.

शेवटी शाळेसाठी एक छोटी भेट आणली आहे. सहाही प्रकारच्या फ्लँजचा संच आहे, भंगारातूनच जमवला आहे. प्रत्येक फ्लँज पाईपासकट मधोमध कापली आहे, आतलं वेल्डिंग आणि मधली फट मुलांना बघता यावी म्हणून. सोबत सातवा तुकडा आहे, आबांच्या पंपाची तडकलेली फ्लँज. ती त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये जपून ठेवली होती, मला पुढं कधीतरी ऐकवायला असेल. ऐकवण्याआधीच ते गेले.

सर, तो तुकडाही प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवा आणि त्याखाली माझं नाव लिहा. बाकीच्या सहांखाली आपल्या वेल्डर मित्राचं लिहा, सगळ्या कापून, घासून त्यानंच दिल्या आहेत.